मुद्देमालाला पाडलेलं भोक

ती घटना आजही आठवली की आधी हसू येतं आणि लगेच मान खाली जाते. सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी मुळशीतल्या एका ठाण्यात फौजदार होतो आणि मटक्याचे अड्डे मोडण्याचा वरून तगादा होता.

एका सकाळी आमचा खबऱ्या आला. चहाचं हॉटेल चालवायचा. "सायेब, घोटावड्यात एक पोरगा पारावर बसून आकडं घेतुया. लांबट कार्डं हायेत, वर शून्यापासनं नवापातुर आकडं छापल्यात, मधी भोकं. ज्यो त्यो येतुया आन् कायतरी सांगून जातुया."

छापा घातला. चष्मेवाला तरुण, पुढ्यात पत्र्याची पेटी भरून कार्डं. तो पळाला नाही, याचंच मला नवल वाटलं. पंचनामा केला, मुद्देमाल जप्त केला. सुटी कार्डं ठेवली तर पोलिसांनी बदलली असं कोर्टात म्हणतात. म्हणून ठाण्याच्या रिवाजाप्रमाणे कोपऱ्यात टोच्याने भोक पाडून, नाडी ओवून गठ्ठे बांधले आणि लाखेचं सील ठोकलं. नमुना म्हणून एक कार्ड तेवढं टेबलावर ठेवलं.

मग चौकशी.

"कुणाचा माणूस तू? आज काय उघडणार?"

"विहिरी, साहेब."

"काय?"

"विहिरींचं पाणी किती खाली जातं, त्यावर मी विद्यापीठात संशोधन करतोय. ही संगणकाची कार्डं आहेत. गावोगाव बसून लोकांकडून आकडे तपासून घेतो."

असली उत्तरं मी पुष्कळ ऐकली होती. नमुन्याचं कार्ड त्याच्या हातात दिलं. "वाच."

त्याने ते खिडकीकडे धरून माथ्यावर छापलेले बारीक आकडे वाचले. "कासार आंबोली. देवळामागची विहीर. एप्रिलअखेर तळ उघडा."

आमचे हवालदार त्याच गावचे. "खरं हाय सायेब. तवा आमची मंडळी हंडा घिऊन वड्यापल्याड जाती, आन् आल्यावर माज्यावर तोंड सोडती."

तिथंच गुन्हा संपला. चहा मागवला, सील फोडून गठ्ठे त्याच्या हवाली केले. ते पाहताच त्याने एका कार्डाच्या कोपऱ्यातल्या भोकावर बोट ठेवलं.

"ह्ये भोक कुनी पाडलं?" शहरी भाषा कुठल्या कुठे गेली होती.

"आमची पद्धत आहे. एवढी भोकं होतीच, आणखी एकाने काय होतंय?"

"साहेब, यंत्र भोकंच वाचतं."

मग कळलं ते असं. अख्ख्या विद्यापीठात संगणक एकच. कुणी तो कधी वापरायचा, हे प्राध्यापकांची समिती ठरवी. त्याची पाळी दोन दिवसांवर होती. ती चुकली तर पुन्हा रांगेच्या शेपटाला, आणि तोवर शिष्यवृत्ती संपणार. म्हणजे संशोधनही संपणार.

नवी पाळी मागायला समितीसमोर मी आणि हवालदार त्याच्यासोबत गेलो. माझ्या पंचनाम्यात लिहिलं होतं, 'कार्डे भोके असलेल्या स्थितीत जप्त'. खोटं काहीच नव्हतं. अध्यक्ष म्हणाले, "संगणक सगळ्यांचा आहे. एकाला मागे सारल्याशिवाय दुसरा पुढे येत नाही. कार्डं सांभाळणं तुझं काम होतं." पोराने माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. पोलिसांचं नावही काढलं नाही.

मला बसवेना. "सर, एक भोक आमचं आहे."

"कुठल्या कार्डाला?"

"सगळ्यांना. आमचं काम अर्धवट नसतं."

एका प्राध्यापकांचा चहा बशीत सांडला. अध्यक्ष मात्र हसले नाहीत. "पाडलं कुणी?"

"आमच्या हवालदारांनी. चुकून."

हवालदारांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि टाचा जुळवल्या. "व्हय सायेब. म्याच."

"मग असं करा," अध्यक्ष म्हणाले, "पुढच्या आठवड्यात माझी पाळी आहे, ती याला द्या. मला सारा मागे. आणि तोवर हवालदारांनी इथं येऊन प्रत्येक कार्डाच्या माथ्यावरचे आकडे वाचून दाखवायचे. हा नव्या कार्डांवर भोकं पाडेल."

हवालदार रोज एसटीने पुण्याला जात. संध्याकाळी परतले की म्हणत, "आकडं घेनाऱ्यास्नी धरन्यात जल्म गेला, आन् आता म्याच आकडं सांगतुया." काम वेळेत झालं. पुढे पोराला पदवी मिळाली तेव्हा ठाण्यात पेढे आले. खोक्याला आमचीच नाडी बांधली होती. हवालदार मात्र तालुक्यात कायमचे 'टोचेवाले' झाले.

भोक पाडायचा हुकूम माझा होता. हवालदार तेव्हा म्हणालेही होते, "सायेब, आदी इचारू या का त्याला?" मी ऐकलं नाही. नोकरी मी लवकर सोडली, पण ही गोष्ट सुटली नाही. शेवटी कासार आंबोलीला त्यांच्या ओट्यावर बसून सांगून टाकली.

ते खोखो हसले. "टोचा माज्या हातात हुता, सायेब. हुकूम कुनाचा, त्ये मी कसा इसरंन? पर तुमाला धाडलं असतं तर तुमी आकडं चुकीचं वाचलं असतं."

आरोपीकडून खरं काढून घ्यायला मी नोकरीभर शिकलो. आपल्या तोंडून ते काढायला मला एका ओट्यावर जाऊन बसावं लागलं. त्या तालुक्यातला कुणी हे वाचत असेल, तर त्याने एवढंच करावं. टोचेवाले म्हणायचं झालं, तर मला म्हणावं.