अनोळखी लग्नांच्या पत्रिका

सकाळी सात वाजता चाकणमधून निघाले, तेव्हा माझा भाचा सचिन फर्स्ट शिफ्टला जाऊन तास झाला होता. ओट्यावर त्याने माझ्यासाठी पोहे झाकून ठेवले होते आणि फोनवर पत्ता पाठवला होता. करमाळ्याहून एवढ्या लांब आले ती काही भाच्याचा संसार बघायला नव्हे. माझा उजवा कान दोन वर्षांपूर्वी गेला. डावाही फार दिवस साथ देणार नाही, असे डॉक्टर म्हणतात. तो जायच्या आत मला नूरमास्तरांचे क्लॅरोनेट एकदा ऐकायचे होते.

नूरमास्तर आमच्या तालुक्यातल्या बँडचे प्रमुख. नवरीच्या पाठवणीला ते एक धून वाजवत. ती कुठल्या सिनेमातली नव्हती, त्यांची स्वतःची होती. शाळकरी वयापासून मी त्या धुनेसाठी गावातल्या वराती पालथ्या घातल्या आणि त्यापायी घरी मारही खाल्ला. मास्तर गेले, आणि त्यांचा आवाज कुठेच उरला नाही. लग्नांच्या व्हिडिओ कॅसेटी घरोघरी आहेत, पण शूटिंगवाले नंतर खरा आवाज पुसून वर सिनेमाची गाणी चढवत. मास्तर गाल फुगवताना दिसतात, ऐकू येते भलतेच. सचिनने ही माझी रड कंपनीत चहाच्या सुट्टीत सांगितली, तर सोबतचा एकजण म्हणाला, "त्याच मास्तरांचं पेटीभर सामान माझ्या वडिलांकडे आहे."

भोसरीच्या बसमध्ये शेजारी एक म्हातारी बाई कोथिंबिरीच्या जुड्या मांडीवर घेऊन बसली होती. रस्त्यावर कोऱ्या गाड्या लादलेले लांबलचक ट्रेलर एकामागे एक उभे होते आणि बस गोगलगाईला लाजवत होती.

"कुनाकडं निगाला? कार्य हाय का?" तिने विचारले.

"न्हाई हो. वाजवलेलं ऐकायला चाललेय."

"येवढ्या गर्दीतनं? मंग चांगलंच आसंल," ती म्हणाली आणि एक जुडी माझ्या पिशवीत टाकली. पैसे काही घेईना.

भोसरीला बस बदलून पिंपरीत संत तुकाराम नगरला उतरले. तिथल्या जुन्या इमारती एकमेकींच्या सख्ख्या बहिणी. मी चुकीच्या इमारतीचे तीन मजले चढले. दार उघडणाऱ्या बाईंनी आधी पाणी दिले, दम खाऊ दिला आणि मगच समोरची इमारत दाखवली. गुडघ्यांनी माझ्या संगीतप्रेमाचा चांगलाच उद्धार केला.

सचिनच्या त्या सोबत्याचे वडील, बबनराव, दारातच उभे होते. पंच्याहत्तरीचे, किडकिडीत, इस्त्रीचा सदरा घातलेले. मूळचे आमच्याच तालुक्यातले, आकुर्डीच्या एका कारखान्यात फिटर म्हणून आयुष्य गेलेले. मी शाळेत शिकवत होते हे मुलाकडून त्यांना कळले होते.

"या बाई. मास्तरांसाठी कुणी येईल असं वाटलं नव्हतं," म्हणाले आणि पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली.

वर मास्तरांच्या टोपीचा लाल तुरा होता. डबीत त्यांच्या वापरलेल्या पत्त्या (क्लॅरोनेटच्या तोंडाशी बसवायच्या वेताच्या चपट्या काड्या) कापसात ठेवलेल्या. एकीवर दातांची खूण अजून दिसत होती. मला ती बोटाने चाचपावीशी वाटली आणि मी चाचपली. खाली सगळ्या लग्नपत्रिका, शेकड्याने.

"ही कुणाकुणाची लग्नं?"

"मला काय ठावं! एकबी माझ्या नात्यातलं न्हाई. लग्नसराईत रजा टाकायची आन् मास्तरांमागं फिरायचं. मुलाकडच्यांना वाटायचं मी मुलीकडचा, मुलीकडच्यांना वाटायचं मुलाकडचा. जेवलो मात्र कधी न्हाई, बाई. बोलावल्याबिगर पानावर बसायचं न्हाई. भाकरी बांधून न्यायचो." बँडला तारखेसाठी मिळालेली पत्रिका मास्तर त्यांना देऊन टाकत. प्रत्येकीच्या पाठीवर पेन्सिलीने त्या दिवशीचे वाजवणे लिहिलेले होते.

चाळता चाळता माझे माहेरचे नाव आले. माझीच पत्रिका! मी ती उलटली. 'पाठवणीची धून. नवरी रडत नाही. वळून मास्तरांकडे बघते आहे.'

माझे डोळे भरून आले. सगळे रडत असताना मी वाजवणे ऐकत राहिले, म्हणून आई मला पुढे कितीतरी वर्षे दगड म्हणत असे. मी का वळले होते, ते त्या मांडवात एका परक्या माणसाला कळले होते. इतका आनंद मला फार दिवसांत झाला नव्हता.

मग त्यांनी टेपरेकॉर्डर काढला. एका शूटिंगवाल्याच्या हातापाया पडून त्यांनी, गाणी चढवायच्या आधी, एका लग्नाचा खरा आवाज कॅसेटवर उतरवून घेतला होता. तेवढी एकच. मी डावा कान टेपला लावला. भांड्यांचा आवाज, कुणीतरी हाका मारतंय, आणि त्यातून मास्तर उठले. तोच भरलेला, किंचित घोगरा सूर. मी हलले नाही. धून शेवटाकडे वळली आणि खट्! शूटिंगवाला पंगत टिपायला निघून गेला होता.

माझ्या तोंडून पुढचे आपसूक गुणगुणले गेले.

बबनरावांनी झटकन मान वर केली. "हा शेवट कुठला?"

"माझ्या पाठवणीचा."

त्यांनी टेप बंद केला. "मास्तर दर नवरीला शेवट निराळा द्यायचे, बाई. बाकीचे मला पाठ हायेत. तुमच्या लग्नात मी आधीच निघालो. रजा संपली होती, रात्रपाळी होती, एसटी चुकली असती. वेशीपर्यंत सूर येत होता. पुढं काय वाजवलं, ते आजतागायत मनातनं जात न्हाई. म्हणा ना."

मी घाबरले. आता मला माझाच सूर नीट कळत नाही. चुकीचे शिकवण्याइतके पाप नाही, असे मी जन्मभर पोरांना सांगत आले. पण त्यांनी हात जोडले होते. मी डोळे मिटले आणि म्हटले. खाली उतरणारा, मध्येच थबकून पुन्हा उतरणारा तो शेवट.

"अजून एकदा."

दुसऱ्यांदा म्हणताना त्यांचा बारीक आवाज माझ्या आवाजात मिसळला. थबकायची जागा त्यांनी न सांगता घेतली.

"मास्तरच," ते म्हणाले आणि डोळे पुसले. मग पेन घेऊन माझ्या पत्रिकेच्या पाठीवर, जुन्या ओळीखाली, त्यांनी सावकाश लिहिले: 'शेवट नवरीने सांगितला.'

संध्याकाळच्या एसटीत खिडकी मिळाली. सोलापूर रस्त्याला लागेपर्यंत मी मनातल्या मनात धून घोळवत होते. मी मास्तरांना ऐकायला गेले होते, अर्धेच ऐकून परतत होते, आणि तरी तक्रार नव्हती. कान जायचा तेव्हा जाईल. त्याचे दुःख आहेच, ते मी नाकारत नाही. पण जन्मभर तो शेवट माझ्या एकटीकडे होता. आता तो दोघांना येतो.