मानसूदाजींची सरकारी नोकरी

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान गिल मानसू हे आमच्या सगळ्या गोतावळ्यातले सर्वांत भित्रे गृहस्थ. हे मी त्यांच्या तोंडावर म्हणतो, आणि तेही मान डोलावतात. कुत्रं भुंकलं तर रस्ता बदलणारे, दवाखान्यात सुई दिसली की डोळे मिटणारे. लग्नाच्या दिवशी भर सभागृहात त्यांचे हात इतके थरथरत होते, की अंगठी ताईनेच आपल्या बोटात सरकवून घेतली.

तेव्हा ते दक्षिणेच्या किनाऱ्यावर एका जहाज कारखान्यात होते. खरेदी विभागात, खिडकीजवळचं टेबल, चांगला पगार, दिवाळखोरीचं नाव नाही. आमच्या वडिलांना जावयाचं भारी कौतुक होतं. मग जहाजांची मागणी आटली, आणि कारखान्याने माणसं कमी करायला काढली. कुणालाही काढून टाकलं असं म्हणायचं नव्हतं. ज्याने त्याने आपणहून जायचं होतं. दाजींच्या वरिष्ठांनी त्यांना बोलावून विचारलं, जाता का. दाजी नाही म्हणाले नाहीत आणि हो पण म्हणाले नाहीत.

दुसऱ्या सोमवारी ते कामावर गेले तर त्यांचं टेबल जागेवर नव्हतं. ते उचलून मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून ठेवलं होतं. संगणक काढून घेतलेला. फोनही नाही. काम काही नाही. सकाळी यायचं, भिंतीकडे बघत बसायचं, संध्याकाळी जायचं. पुस्तक उघडलं तर विचारणा, लघवीला उठलं तरी विचारणा. कालपर्यंत एकत्र जेवणारे सोबती जेवायच्या वेळी दुसऱ्या दाराने निघून जायचे. त्यांचं तरी काय चुकलं? जो दाजींच्या जवळ दिसेल, पुढचं टेबल त्याचंच भिंतीपाशी.

दाजींनी घरी काही सांगितलं नाही. रोज डबा घेऊन जायचे, रिकामा आणायचे. ताईला एवढंच दिसायचं, की हे सकाळी दात घासताना ओकतात. शेवटी एका दुपारी ते उठले, वरिष्ठांसमोर गेले आणि राजीनाम्यावर सही करून आले. सतरा वर्षांची नोकरी. घरी आल्यावर ताईला म्हणाले, "ओक्ही, माझ्या पाठीमागे कुणी उभं राहिलं की मला आता श्वास घेता येत नाही."

त्यानंतर त्यांनी एकच ध्यास घेतला. जिथून कुणी काढू शकत नाही अशी नोकरी. आमच्याकडे सरकारी नोकरीला लोखंडी वाटी म्हणतात. आपटली तरी फुटायची नाही. तिच्यासाठी पंचविशीतली पोरं वर्षानुवर्षं परीक्षेला बसतात. दाजी चाळिशी उलटल्यावर बसले. अर्ध्या वयाच्या मुलांमध्ये अभ्यासिकेत जाऊन बसायचे, मान वर न करता. ताई बाजारात भाज्या-लोणच्यांच्या दुकानात हात सोलपटेपर्यंत मुळे चिरायची. पहिल्या वेळेला नापास झाले, दुसऱ्या वेळेला पास. सगळ्यात खालची श्रेणी, जुन्या पगाराच्या निम्म्याहून कमी हातात. पण निकालाच्या दिवशी आमच्या वडिलांनी सोजूची, म्हणजे आमच्या तांदळाच्या दारूची, बाटली फोडली आणि जावयाच्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, "आता निवांत झोप. आता तुला कुणी हलवत नाही."

मी स्वतः खासगीतला माणूस. मोटारीचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात पाळीवर जातो. मला वाटायचं दाजी सुटले एकदाचे. भेटले की विचारायचो, "काय दाजी, आज किती शिक्के मारले? अंगठा दुखत असेल." ते हसायचे.

त्यांना मिळालं होतं डोंगरातल्या पाच-दहा वाड्यांच्या एका मंडळाचं छोटं कार्यालय. तिथे त्यांनी कारखान्यातल्या सवयी नेल्या. सगळ्यांच्या आधी जायचे, सगळ्यांच्या नंतर निघायचे, आलेला अर्ज त्याच दिवशी हातावेगळा करायचे. महिन्याभरात शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी त्यांना चहाला बोलावून समजावलं, "गिलसाहेब, एवढं धावू नका. तुमच्यामुळे आम्हालाही धावावं लागतं." दाजी घाबरले. तेव्हापासून कुणाच्या नजरेत येणार नाही इतकंच काम दिवसा करायचे आणि उरलेलं घरी आणून करायचे.

पण बसून खायची नोकरी ती नव्हतीच. बर्फ पडलं की रस्ता हेच उपसणार, डुकरांना रोग आला की ती पुरायच्या खड्ड्याशी हेच उभे राहणार, निवडणूक आली की मतं हेच मोजणार. आणि खिडकीपाशी येणारा प्रत्येक माणूस यांना ऐकवून जाणार. बामगोल वाडीची माल्सुन आजी तर हमखास यायची. ऐंशी पार, एकटी, कमरेत वाकलेली, जीभ मात्र सरळ. तिच्या दारातला दिवा बंद पडलेला असायचा, नाहीतर गटार तुंबलेलं. "माझ्या पैशावर गाद्यांच्या खुर्च्या घेता, आणि मी अंधारात पडून मरू का?" असं सगळ्यांदेखत म्हणायची. दाजी वाकून माफी मागायचे. त्यांच्या वरिष्ठ होत्या सोल यॉन्जू, वयाने त्यांच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. हुशार मुलगी, बढतीची वाट बघत होती. त्यांच्यासमोरही दाजी तसेच वाकायचे.

असं चौथं वर्ष चालू होतं. त्या वसंतात पाऊस नव्हताच. डोंगरातली पानं पायाखाली कुरकुर वाजायची. रविवारी मी ताईकडे जेवायला गेलो होतो. ताटं मांडली आणि दाजींचा फोन वाजला. पलीकडच्या खोऱ्यात वणवा लागला होता, कार्यालयातल्या सगळ्यांना हजर व्हायचं होतं. वणवा विझवायला अग्निशामक दल असतं, हेलिकॉप्टर असतं, पण माणसं कमी पडली की टेबलावरच्या कारकुनांनाही पाठीवर पाण्याची पिशवी आणि हातात दाताळं देऊन डोंगरावर चढवतात. दाजींनी पिवळं जाकीट चढवलं. बुटाची नाडी त्यांना बांधता येईना, ती ताईने बांधली. मी म्हणालो, पोट दुखतंय म्हणून सांगा. ते म्हणाले, "तसं सांगितलं तर लक्षात ठेवतील." आणि गेले.

दुपारी वारा उलटला. घरात टीव्हीवर नकाशा दाखवत होते, त्यावर लाल रंग वाढत चालला होता. दाजींचा फोन लागेना. ताई तांदूळ धुवायला बसली. पाणी ओतायची, पुन्हा धुवायची. मी तिला म्हणालो, अगं पुरे. ती म्हणाली, "मी थांबले तर मला काहीतरी वाटायला लागेल." खिडकीबाहेर आभाळ काविळीसारखं पिवळं झालं होतं आणि अंगणात राख पडत होती. मी दोनदा गाडीची किल्ली उचलली. रस्ता बंद केल्याचं सांगत होते. किल्ली हातात धरून तिथेच बसलो.

वर काय झालं ते दाजींनी मला नंतर सांगितलं, तेही एका दमात नाही.

चौघांची टोळी होती. यॉन्जू मॅडम, दाजी आणि आणखी दोघे कारकून. बामगोल वाडीच्या वर, डोंगराच्या सोंडेवर त्यांना उभं केलं होतं. पाचोळा ओढून पट्टा साफ करायचा, ठिणगी पडली तर विझवायची आणि निरोप येईपर्यंत जागा सोडायची नाही. बराच वेळ नुसता धूर दिसत होता. मग खालून हरणं आली. माणसं उभी आहेत याची त्यांना पर्वाच नव्हती, दाजींच्या कोपराला घासून एक उतारावर गेलं. पाठोपाठ आवाज यायला लागला, न थांबणारी गाडी बोगद्यातून यावी तसा. पाइनची जळती बोंडं हवेतून येऊन त्यांच्या मागे पडू लागली. मागे, म्हणजे उतरायच्या वाटेकडे.

वायरलेसवर नुसती खरखर होती. दाजी म्हणाले, मॅडम, खाली जाऊ या. यॉन्जू मॅडम म्हणाल्या, निरोप आलेला नाही. निरोप येणार कसा, यंत्र तर बंद आहे, असं बाकीच्या दोघांतला एक कारकून म्हणाला. त्यावर त्या म्हणाल्या, "विनापरवाना जागा सोडली तर माझ्यावर येईल. तुमच्यावरही येईल, गिलसाहेब. तुम्हाला ही नोकरी किती मुश्किलीने मिळालीय."

दाजींना ते पटलं, हीच खरी भयंकर गोष्ट. त्यांनी मला सांगितलं, की समोर डोंगर पेटला होता आणि डोळ्यांपुढे भिंत आली होती, कारखान्यातली, तिच्यावरचा पोपडासुद्धा. जागा सोडली तर पुन्हा तिथे बसावं लागेल. ते दाताळं घेऊन पुन्हा पाचोळा ओढायला लागले. आणि ओढता ओढता त्यांच्या लक्षात आलं, की आपली पँट ओली झालीय. पिशवीतलं पाणी नव्हतं ते.

त्यांचे पाय गेले. ते खाली बसले. यॉन्जू मॅडम धावत आल्या. दाजी त्यांना म्हणाले, "मला उभं राहता येत नाहीये. मला चक्कर आली म्हणून सांगा. माणूस पडला, त्याला खाली न्यावं लागलं, असं सांगा. पण न्या मला. सगळे मिळून न्या."

मॅडमनी एकदा वायरलेसकडे बघितलं आणि मग त्यांच्या काखेत हात घातला. त्यांनी आणि एका कारकुनाने दाजींना जवळजवळ ओढतच उतरवलं. अर्ध्या वाटेत त्यांचे पाय परत आले आणि मग चौघेही पळाले. मागे वळून बघितलं तेव्हा सोंड दिसत नव्हती, तिथे नुसता जाळ होता.

वाडीत पोचले तर घरं अजून रिकामी झालेली नव्हती. चौघे घरोघर विखुरले. दाजींच्या वाट्याला माल्सुन आजीचं घर आलं. आजी ओट्यावर बसली होती, किमची लोणच्याच्या रांजणांपाशी. म्हणाली, इथेच जन्म गेला, इथेच मरते, तू जा. दाजींनी विनवण्या केल्या. तिने त्यांना खुर्ची उबवणारे म्हणून शिव्या दिल्या. कुंपणाच्या पलीकडची बांबूंची रांग फटाफट फुटायला लागली होती. तेव्हा दाजी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले आणि रडायला लागले.

"आजी, मला पळायचंय हो. फार भीती वाटतेय मला. पण तुम्ही इथे बसलात तर मला पळता येत नाही."

आजी त्यांच्याकडे बघत राहिली. त्यांच्या ओल्या पँटकडेही तिने बघितलं असणार. मग म्हणाली, "मग आधी नाही का सांगायचं? वळ तिकडे, पाठ कर." आणि त्यांच्या पाठीवर चढली.

दिवस मावळायच्या आत दाजींचा फोन आला. ताईने तो उचलला आणि शेवटपर्यंत ऐकून घेतला. मग मला म्हणाली, भात टाकते.

वाडीतली अर्धी घरं गेली, माणूस एकही गेला नाही. त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. चौकशी लागली ती वेगळीच: सोंड का सोडली? यॉन्जू मॅडमनी ठरल्याप्रमाणे जबाब दिला, की सहकारी आजारी पडला, त्याला खाली आणणं भाग होतं. चौकशी अधिकाऱ्यांनाही ते सोयीचं होतं. हुकूम बरोबर, उतरणंही बरोबर, कुणाचाच दोष नाही. फक्त दाजींनी हो म्हणायचं होतं.

त्यांच्या जबाबाच्या आदल्या दिवशी ते माझ्याकडे आले. पुन्हा सकाळी ओकायला लागले होते. मी म्हणालो, यात विचार कसला करताय, चक्कर आली म्हणा आणि सुटा. ते म्हणाले, "चक्कर आली म्हटलं तर पुढच्या वर्षी धडधाकट माणसांना त्याच सोंडेवर उभं करतील. त्यात मीही असेन. मला परत तिथे नाही जायचं रे."

चौकशीच्या खोलीत तीन अधिकारी होते. दाजींना बसायला दिलेल्या खुर्चीची पाठ दाराकडे होती. त्यांनी उभं राहूनच बोलायची परवानगी मागितली. त्यांनी सांगितलं, की चक्कर नव्हती, मी घाबरलो होतो. घाबरण्यासारखंच होतं. वायरलेस बंद होता आणि आम्हाला उतरायचं कधी ते कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यांचा आवाज इतका कापत होता, की एका अधिकाऱ्याने पुन्हा बोलायला लावलं. ते पुन्हा बोलले.

दाजींना लेखी ठपका मिळाला. यॉन्जू मॅडमना खोटा जबाब दिल्याबद्दल त्याहून मोठा, आणि त्यांची बढती हुकली. त्यांची बदली झाली त्या दिवशी दाजी पेटीभर नासपती घेऊन गेले होते. मॅडमनी पेटी घेतली नाही. म्हणाल्या, "तुम्ही मला आधी विचारायला हवं होतं." दाजी पेटी तशीच घेऊन परत आले. त्या आजही त्यांच्याशी बोलत नाहीत, आणि दाजी म्हणतात त्यांचं बरोबर आहे.

पुढच्या वसंतात एक तोंडी सूचना आली. वाऱ्याचा इशारा असेल तर कार्यालयीन माणसांना सोंडेवर चढवू नये, खाली वाड्या रिकाम्या करायला लावावं. ती दाजींमुळे आली की कशामुळे, ते कुणी सांगितलं नाही.

माझ्या कारखान्यात तेव्हा कोठारावर माणूस हवा होता, पगारही बरा होता. मी दाजींना विचारलं. त्यांनी विचारलं, तिथे टेबल कुठे तोंड करून आहे? मी म्हणालो, कोठार आहे दाजी, भिंतीच भिंती आहेत. ते हसले आणि नको म्हणाले.

अजून त्याच कार्यालयात आहेत. श्रेणी तीच. माल्सुन आजीला सरकारने पत्र्याचं तात्पुरतं घर दिलंय, ते गळतं. त्याची तक्रार घेऊन ती दर आठवड्याला खिडकीपाशी येते, रांग मोडून थेट दाजींसमोर उभी राहते आणि सगळ्यांदेखत त्यांना शिव्या देते.