जावयाचा अँटिव्हायरस

आमची रोहिणी, म्हंजे माझी सून, बोलायला गरीब हाय आन् ठरवायला पाटलीन. हे मी तिच्या तोंडावर कधी म्हननार न्हाई, डोक्यावर बसंल. पन तुमाला सांगायला काय हरकत हाय.

लग्न होऊन आल्यापास्नं दर दसऱ्यामागं ती आन् माझा वाल्मिक ऊसतोडीला जायचे. नवरा-बायको मिळून टोळीत एक कोयता धरत्यात. नात माझ्यापाशी ऱ्हायची. पोर शहानी, पन आई गेली की ताटापुढं नुसती बसून ऱ्हायची. भाकर कुस्करायची, खायची न्हाई. ते मला बघवायचं न्हाई.

रोहिणीनं बारावी केलेली, पाथर्डीला कंप्युटरचा क्लास केलेला. औंदा ती म्हनली, "आत्या, मी लोकांच्या लग्नपत्रिका करून देते. काम लागलं तर कोयता बंद."

"आन् न्हाई लागलं तर?"

"मग हाय की ऊसतोडीचा मुकादम."

नवा लॅपटॉप आला. मी गुपचूप चार्जरच्या वायरीला काळा दोरा बांधला. हसा खुशाल, नव्या वस्तूला नजर लागतीच. रोहिणी म्हनली, ह्या धंद्यात खरी नजर पेनड्राइव्हची. ज्यो त्यो नावं आन् फोटो पेनड्राइव्हात घालून आनतो, आन् ती पेनड्राइव्ह गावभर उंडारून आलेली असती. तिच्यातनं व्हायरस शिरला की केलेल्या पत्रिका गेल्या. म्हनून अँटिव्हायरस पायजे, आन् त्योबी फुकटचा.

एवढं तिच्या तोंडातनं निघायची खोटी, राहुरीचे आमचे जावई सुनीलराव दारात हजर. पोरीचा नवरा, त्यात शिकलेला. चहा व्हायच्या आत त्यांनी आपल्या हातानं एक फुकटचा अँटिव्हायरस घातला आन् म्हनले, "डोळं झाकून झोपा आता." पुढच्या बाजारला कर्जतचा रविराज आला, रोहिणीचा पाठचा भाऊ. त्यो म्हनला, "ताई, ह्यो कुठला जुनाट घातलाय? माझा बघ." आन् त्यानं आपला घातला. आधीचा काढू का म्हनला, तर वाल्मिक कासावीस झाला. "दाजींनी घातलेला हाय बाबा. उद्या त्ये आले आन् दिसला न्हाई तर? असू दे दोन. दोन राखनदार कधीबी चांगलेच."

मलाबी पटलं. आमच्याकडं मान म्हंजे मान. पत्रिकेत चुलत्याच्या साडूचं नाव राह्यलं तर मानसं मांडवात पानावरनं उठत्यात. मग जावयाचा अँटिव्हायरस काढायची कुनाची छाती हाय?

पहिलं काम आलं ते गावातल्या कल्याणरावांचं, त्यांच्या मोनिकाच्या लग्नाची पत्रिका. कल्याणराव पारावर म्हनले हुते, "पोरीला काम दिलंय, बघू काय दिवं लावती." म्हंजे ही पत्रिका चुकली तर गावात दुसरी कोन देनार न्हाई, आन् दसऱ्याला कोयता पुन्हा हातात. रोहिणीनं मन लावून केली. विनीत, व्यवस्थापक, मामा, मावश्या, खाली बारक्या पोरांची किलबिल, सगळी नावं जिथल्या तिथं. संध्याकाळच्या आत ती पाथर्डीच्या प्रेसला पाठवायची हुती.

आन् दुपारी लॅपटॉप बसला. हालंना न् डुलंना. मधीच एक राखनदार वर यायचा आन् म्हनायचा, पुरं रक्षन पायजे तर विकत घ्या. त्याच्यामागं दुसरा तेच म्हनायचा. वाल्मिकचा चेहरा उतरला. त्यो चपला घालत म्हनला, "मी सूर्यभान मुकादमाला हो म्हनून येतो. आपलं न्हाई ते काम."

रोहिणी म्हनली, "बसा जरा." मोबाईलवर बराच वेळ वाचत बसली. मग म्हनली, "दोन एका जागी ठेवायचेच नसत्यात. ह्यो त्याला चोर समजतो आन् त्यो ह्याला, त्यातच लॅपटॉपचा जीव जातोय. आन् लॅपटॉपासंगं आधीपास्नं आलेला एक अँटिव्हायरस हाय, फुकटच. ह्ये दोघं आले तवा त्यो गुमान बाजूला झाला."

मी म्हनले, "मग जावयाचा ठेव, तुझ्या भावाचा काढ."

"आत्या, एकाचा ठेवला की दुसऱ्याचा मान गेला. दोघांचेबी काढते. घरचा ठेवते."

दुसरी कुनी असती तर चोरून काढले असते. हिनं आधी फोन लावला. "दाजी, तुमचा अँटिव्हायरस काढतेय. वाईट न्हाई त्यो, पन दोघांचं जमंना, म्हनून माझ्या भावाचाबी काढतेय. आन् तुमच्याकडं एक काम हाय. पत्रिका पाठवते, तेवढी वाचून द्या. तुमच्या नजरंतनं गेल्याबिगर प्रेसला द्यायचा मला धीर व्हईना." मी कान टवकारून बसलेली. पलीकडनं जावई म्हनले, "आगं पाठव की लवकर." जावई खुलले हुते. भावाला मात्र ती एवढंच म्हनली, "रवी, तुझा काढला. रुसायचं असंल तर भाऊबीजेला ये, ओवाळताना रुस."

दोन्ही गेले. लॅपटॉप बंद करून चालू केला, तर पानी सोडल्यावानी चालाय लागला. जावयांनी एका मामाचं आडनाव चुकलेलं काढून दिलं. दिवेलागनीच्या आत पत्रिका प्रेसला पोचली. मला एवढा अभिमान वाटला की मी चूल पेटवायला आत गेले आन् तिथंच डोळं पुसले.

त्या पत्रिकेमागनं गावातनं आनखी कामं येत गेली. दसरा झाला. सूर्यभान मुकादम आला, बाजंवर बसला. "मग, तुमचा कोयता धरू ना?"

वाल्मिकनं रोहिणीकडं बघितलं. ती म्हनली, "न्हाई मुकादम. औंदा न्हाई."

मुकादमानं खिशातनं पेनड्राइव्ह काढली. "बरं. धाकट्याचं लगीन हाय. नावं ह्यात हायती. लाव लगेच, मला टोळी हलवायचीय."

"बसा. आधी तपासते."

"माझीबी?"

"जावयाचीबी तपासते मी."

आजवर आमच्या उसाच्या मोळ्या तपासनारा मानूस आमच्या बाजंवर मुकाट बसून राह्यला. मी आत गेले. नात जेवत हुती. ताट पुसून खाल्लेलं, आन् मला बघून ती म्हनली, "आज्जे, आजून एक भाकर दी."