साक्षीपुरते दात

दातांच्या दवाखान्यात पुढच्या खोलीत डॉक्टर बसायचे आणि मागच्या खोलीत कवळीवाली. पुढून हिरड्यांचा ठसा आला की ती त्यात प्लास्टर ओतायची, मेणात एकेक दात रोवायची, गुलाबी हिरडी घासून गुळगुळीत करायची. आसपासची निम्मी म्हातारी माणसं तिच्या दातांनी हसायची. ती स्वतः क्वचित हसे, आणि का ते कुणी विचारतही नसे, कारण सगळ्यांना सगळं माहीत होतं.

तिचा नवरा एका सकाळी दाढीचं ब्लेड आणायला गेला तो परतलाच नाही. कपडे खुंटीवर, पाकीट टेबलावर, ब्रशला साबणाचा फेस. पोलिसांनी शोधायला फोटो नेला, तोही परत आला नाही. नऊ वर्षं झाली. ब्लेड आणायला इतका वेळ लागतो का, असा विनोद शेजारी तिच्या पाठीमागे करत आणि एकदोघं तोंडावरही.

नवरा एका धर्माचा, ती दुसऱ्या धर्माची. दोघांनी सरकारी कचेरीत लग्न केलं त्याच दिवशी तिचं माहेर तुटलं, आणि हिला सून म्हणायचं नाही असं सासूने ठरवलं. सासू शब्दाची पक्की. ही समोर उभी असली तरी ती 'ती'च म्हणायची. हिच्या हातचं पाणीसुद्धा कधी प्यायली नाही.

अशात अँब्युलन्सचा ड्रायव्हर तिच्या आयुष्यात आला. विधुर, शांत माणूस. वडिलांची कवळी करायला घेऊन आला होता. वडील कवळी घेऊन गेले, हा मात्र येतच राहिला. "लग्न करू," तो म्हणाला, "पण कायद्याने. घरात वयात आलेली पोरगी आहे, लोक तिला नावं ठेवतील. बहिणीने माझ्यासाठी दुसरं स्थळ बघून ठेवलंय. तुझ्या सुटकेचा निकाल लागेपर्यंत मी तिला थोपवतो, त्यापुढे माझ्याने व्हायचं नाही." माणूस सरळ होता, तेवढंच सरळ बोलला.

आधी तिने जवळची वाट धरली. तिच्या धर्माचे वडीलधारे म्हणाले, "आमच्या लेखी तुझं लग्न झालंच नाही. सुटायचंय कुणापासून?" नवऱ्याच्या धर्माचे म्हणाले, "आधी आमच्यात ये, मग सोडवतो." दोन्हीकडच्या देवांनी असे हात वर केल्यावर ती वकीलबाईंकडे गेली.

"लग्न सरकारी, तर सुटकाही कोर्टातूनच," वकीलबाई म्हणाल्या. "दोन रस्ते आहेत. एक, नवरा सोडून गेला म्हणून घटस्फोट. पण तो मुद्दाम गेला हे दाखवावं लागेल, आणि पाकीट ठेवून ब्लेड आणायला गेलेला माणूस मुद्दाम गेला कशावरून? दुसरा, सात वर्षं तो जिवंत असल्याचं कुणालाच कळलेलं नसलं, तर कायदा त्याला मेला असं धरतो. कुणाला म्हणजे, ज्यांना कळायला हवं होतं त्यांना. आई आहे ना त्याची?"

"आहे."

"मग तिची साक्ष आणा. बाकी सगळं त्यापुढे फिकं."

जीव मुठीत धरून ती सासूकडे गेली. म्हातारीने सगळं ऐकून घेतलं आणि चक्क होकाराची मान हलवली. पण साक्षीच्या दिवशी भलतंच झालं. म्हातारीच्या तोंडाचं पार बोळकं. ती काय बोलली ते टाइप करणारीला कळेना, वकीलबाईंना कळेना. मागच्या बाकावर बसलेल्या कवळीवालीपर्यंत तर पंख्याच्या घरघरीत काही पोचलंच नाही. न्यायाधीश म्हणाले, "पुढच्या तारखेला यांचं बोलणं कळेल अशी काहीतरी सोय करा."

ही सोय करणं तर तिचाच धंदा! डॉक्टरांना विचारून तिने स्वतः ठसा घेतला. जिच्या हातचं पाणी चालत नव्हतं तिची बोटं म्हातारीने मुकाट्याने तोंडात घेतली. नव्या कवळीने बोलणं नीट येतं का ते बघायला साठ, एकसष्ट, बासष्ट म्हणायला लावतात. 'स'ला शिट्टी वाजली की दात हलवायचे. कवळीवालीने आकडे सोडले आणि साक्षीचंच वाक्य दिलं.

"म्हणा आई, सात वर्षांत माझ्या मुलाची काहीसुद्धा खबर नाही."

म्हातारी म्हणायची. शिट्टी वाजायची. ही मेणातला दात केसभर मागे सरकवायची. "पुन्हा म्हणा." म्हातारी पुन्हा म्हणायची. आपण एका आईच्या तोंडून काय वदवून घेतोय हे हिच्या डोक्यातच आलं नाही. बावळट बाई! सगळं लक्ष त्या 'स'कडे. शेवटच्या दिवशी वाक्य अगदी खणखणीत आलं आणि म्हातारीचे डोळे भरून आले. "टोचतंय का कुठे?" हिने विचारलं.

तारखेला ड्रायव्हर इस्त्रीचा शर्ट घालून आला. म्हातारी साक्षीला उभी राहिली.

"तुमच्या मुलाची काही खबर?" वकीलबाईंनी विचारलं.

"आहे की," म्हातारी म्हणाली. "गेल्या महिन्यात फोन आला होता. सुखरूप आहे. येईन म्हणाला."

एकेक अक्षर स्वच्छ, मागच्या भिंतीपर्यंत ऐकू गेलं. वकीलबाईंनी उलटसुलट विचारून पाहिलं, त्यांच्या नाकी नऊ आले, म्हातारी ढिम्म. न्यायाधीश म्हणाले, "जन्मदाती आई जिवंत आहे म्हणते, मग त्याला मृत कसं धरायचं?" अर्ज फेटाळला गेला.

"अपील आहे, पहिला रस्ताही आहे," वकीलबाई बाहेर म्हणाल्या. "पण आता त्याला शोधा, नोटीस काढा, पेपरात जाहिरात द्या. वर्षं जातील." ड्रायव्हरने घड्याळात पाहिलं. "बहीण वाट बघत असेल," तो म्हणाला आणि जिना उतरून गेला. तिने त्याला थांबवलं नाही. कशाच्या जोरावर थांबवणार?

सासू बाकावर बसली होती.

"आई, खरंच फोन आला होता?"

"कुठला फोन! नऊ वर्षांत एकदासुद्धा नाही."

"मग असं का बोललात?"

"माझ्या तोंडाने मारू त्याला? आणि तू गेलीस की मी मेल्यावर त्याची वाट कोण बघणार? तू बघ. नाहीतरी तुला दुसरं काय काम आहे?" मग तिने गालावरून बोट फिरवलं. "डावीकडे टोचतंय गं. जरा घासून दे."

कवळीवालीने हात पुढे केला. म्हातारीने दात काढून तिच्या तळव्यावर ठेवले. तिने ते रुमालात गुंडाळले, पर्समध्ये टाकले, चेन ओढली आणि चालू लागली.

मागून म्हातारी ओरडायला लागली. बोळक्यातून नुसती थुंकी आणि वारा. लोक वळून बघत होते, शिपाई हसत होता, कुणाला काही कळत नव्हतं. कवळीवालीचा मात्र सगळा जन्म असली तोंडं ऐकण्यात गेला होता. लग्नानंतर पहिल्यांदाच म्हातारी तिला हाक मारत होती, "सूनबाई! अगं सूनबाई!"