धावायला बरं गाव

निवृत्तीनंतर मला असं गाव हवं होतं, जिथे सकाळी गाड्या चुकवत धावावं लागणार नाही. म्हणून महिनाभर रेवदंड्यात खोली घेऊन पाहिली. किनाऱ्यावर एक म्हातारी मासळी वाळत घालून राखण करायची. पहिल्या दिवशी तिने मला नुसतं निरखलं. दुसऱ्या दिवशी हातातल्या काठीने मासळीच्या कडेने वाळूत रेघ ओढली आणि म्हणाली, "हितून धाव. तू आलास का कावले उठतात."

तेव्हापासून मी त्या रेघेवरून फेऱ्या मारायचो आणि ती काठी बाजूला ठेवून निवांत पान चघळायची. मी दम खायला थांबलो, की मान न वळवता म्हणायची, "आला बघ एक." मी पुन्हा धावायचो.

महिना संपताना तिला सांगितलं, की आता श्रीवर्धन बघून येतो, तिथेही धावायला छान आहे म्हणतात.

तिने पान थुंकलं. "तिथं सुपारी वालत घालतात. सुपारी कावला खात न्हाय. तुझा काय उपेग?"

माझ्या निरोपसमारंभातही माझा उपयोग कुणी इतका नेमका सांगितला नव्हता. श्रीवर्धनचा किनारा सुंदर आहे म्हणतात. मी अजून पाहिलेला नाही.