खिशातली पिवळी फुलं

आमच्या दूध सोसायटीत फॅट मोजणारे काका सकाळचं काम आटोपून आमच्या अंगणात येतात, तेव्हा त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी कर्टुल्याची पिवळी फुलं असतात. कर्टुल्यात नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा. नराचं फूल मादीच्या फुलाला टेकवलं तरच फळ धरतं. या दुष्काळात मधमाश्या दिसत नाहीत आणि गल्लीत नर वेल उरलाय तो फक्त काकांकडे.

"वैनी, नवरदेव आलाय, अक्षता काढा!" असं ते फाटकातूनच आईला ओरडून सांगतात. मग माझ्याकडे वळतात. "इंग्रजी शाळेतल्या मॅडम, नुसतं बघता काय? लावा एक लगीन." मी मान खाली घालून आमच्या मादी वेलावरच्या फुलाला त्यांचं फूल टेकवते. ते घड्याळ बघून "सावधान!" म्हणतात.

मागच्या आठवड्यात टँकर आला नाही. काकांकडे एकच घागर उरली होती आणि त्यांच्या दोन मादी वेलांवर कोवळी कर्टुली लोंबत होती. त्यांनी सगळं पाणी नर वेलाला घातलं.

आई म्हणाली, "भावजी, ज्याला फळ न्हाई त्याला पाणी कावून घालता?"

"ह्यो वाळला तर गल्लीतल्या समद्या पोरी बिनलग्नाच्या ऱ्हातील की!"

त्यांचे मादी वेल वाळून गेले. काल आमची पहिली कर्टुली उतरली, तेव्हा मी आईला न विचारता निम्मी ओढणीत बांधली आणि त्यांच्या दारात जाऊन मोठ्यानं हाक मारली, "व्याहीबुवा, आहेर आणलाय!"