पिल्लाला रस्ता शिकवताना

आमचं घर आणि दुकान एकाच छपराखाली आहे. पुढे दुकान, मागे दोन खोल्या आणि अंगण. दुकानात ठिबकच्या नळ्या, स्प्रिंकलरचे पाइप, मोटारीचं सुटं सामान. दुसरबीडहून मेहकरकडे जाणारा रस्ता आमच्या पायरीपासून वीस पावलांवर आहे आणि शेत रस्त्याच्या पलीकडे. त्यामुळे दिवसातून चार वेळा रस्ता ओलांडणं आलंच. माणसांना त्याची सवय होते. आमच्या आधीच्या कुत्र्यालाही ती झाली आहे, असं आम्हांला वाटायचं. सहा वर्षं तो एकटा ये-जा करत होता. सातव्या वर्षी भर दुपारी कापसाच्या ट्रकखाली आला.

तो माझ्या सासऱ्यांचा कुत्रा. सासऱ्यांना मी मामाजी म्हणते. त्यांनीच त्याला शेताच्या धुऱ्यावर, बांधाच्या कडेला पुरलं, घरी येऊन हातपाय धुतले आणि सांगितलं, की या घरात आता कुत्रं आणायचं नाही. त्याच्या आदल्या वर्षी बैलजोडी विकली होती, कारण नांगरणी-पेरणी सगळी ट्रॅक्टरवर होऊ लागली होती. मामाजींच्या हाताला तसं काही कामच उरलं नव्हतं. दुकानाच्या दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून ते रस्त्याकडे बघत राहायचे.

सात-आठ महिन्यांनी माझी नणंद देऊळगाव राजाहून आली, ती बिस्किटांच्या खोक्यात पिल्लू घेऊनच. दीड महिन्याचं असेल. मातकट रंग, पुढचा एक पाय पांढरा. तिच्या गल्लीतल्या कुत्रीची बाकीची पिल्लं लोकांनी नेली होती, हे एकटं राहिलं होतं. वडिलांना विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, म्हणून तिनं विचारलंच नाही. मामाजींनी खोक्यात डोकावूनही पाहिलं नाही. तुमचं तुम्ही पाहा, एवढंच म्हणाले. नवऱ्याचं म्हणणं पडलं की दोन दिवसांनी कुणाला तरी देऊन टाकू. मी मात्र मनाशी ठरवलं, की पिल्लू राहील, पण सुटं राहणार नाही. रस्ता ओलांडेल ते दोरीला धरूनच.

आमच्या बाजारात बैलाचा कासरा मिळतो, मोरखी मिळते, घुंगरमाळा मिळतात. पिल्लाच्या गळ्यात बसेल असा पट्टा काही मिळाला नाही. माझं माहेर खामगावचं. पुढच्या खेपेला गेले तेव्हा तिथून एक लाल पट्टा आणि लांब कापडी दोरी घेऊन आले.

पट्टा घातल्याबरोबर पिल्लानं मागच्या पायानं मान खाजवायला सुरुवात केली, मग गोल गोल फिरलं आणि शेवटी पाइपांच्या ढिगामागे जाऊन बसलं. दुसऱ्या दिवशी मी दोरी अडकवली. ते जागचं हलेचना. मी ओढलं तर चारही पाय रोवून बसलं. आणखी ओढलं तर बसल्या बसल्या फरशीवरून घसरत आलं. नोझल घ्यायला आलेले दोन शेतकरी पोट धरून हसले. मीही हसले, पण आतून मला वाईट वाटलं. मोबाइलवर एक माणूस हिंदीत सगळं छान समजावून सांगत होता. त्याचा कुत्रा त्याच्या पायाशी पाय लावून चालत होता. आमचं पिल्लू चार दिवस फक्त घसरत होतं.

पाचव्या दिवशी सकाळी मी पिल्लाला अंगणात ओढत असताना त्याला ठसका लागला. मामाजी मागच्या दारात उभे होते. कधीपासून उभे होते कोण जाणे.

"काऊन ओढून राह्यली त्याले?" ते म्हणाले. "दोरी सोडून दे हातातली."

मी म्हटलं, सोडली तर पळेल.

"अंगणात कुठं पळते? फिरू दे दोरी घेऊन."

एवढं बोलून ते परत खुर्चीवर जाऊन बसले. मी दोरी सोडली. पिल्लू थोडा वेळ तसंच बसलं, मग उठलं. दोरी मागून सरपटत आली तशी दचकलं, वळून तिला चावलं, आणि थोड्याच वेळात विसरून गेलं. दुपारपर्यंत ते दोरीसकट अंगणभर हुंदडत होतं.

त्या दिवशी जेवताना मामाजी आपणहून बोलले. गोऱ्हा शिकवायचा तर आधी आठ-दहा दिवस त्याच्या गळ्यात नुसतं दावं टाकून ठेवायचं, असं त्यांनी सांगितलं. मग दाव्याचं टोक हातात धरायचं, पण ओढायचं नाही. तो जाईल तिकडे आपण जायचं. त्यानंतर त्याला तहान लागायच्या वेळी हौदाकडे न्यायचं, कारण तिकडे त्याला जायचंच असतं. आपण नेतो म्हणून तो येतो असं आपल्याला वाटतं, आणि आपण सोबत असलो की पाणी मिळतं असं त्याला वाटतं. त्यापुढे दोघांचं जमत जातं. सासरी येऊन मला पंधरा वर्षं झाली होती. मामाजी एका बैठकीत इतकं बोललेले मी पाहिले नव्हते.

आम्ही तसंच केलं. 'आम्ही' म्हणते, पण ते पिल्लाला हात लावत नव्हते. मी दोरी धरायची आणि ते खुर्चीवरून सांगायचे. सकाळी पिल्लाला खायला द्यायच्या आधी मी पदराशी दुधात भिजवलेल्या भाकरीचे तुकडे घेऊन निघायची. आधी अंगण, मग दुकानाची पुढची बाजू, मग रस्त्याच्या कडेनं बाभळीपर्यंत. त्यानं दोरी ताणली की मी थांबायची. दोरी सैल पडली की चालायची आणि एक तुकडा द्यायची. पहिल्या दिवशी बाभळीपर्यंत जायला अर्धा तास लागला. येणारे-जाणारे विचारायचे, बाई, गाडीची वाट पाहून राह्यल्या का? मी हो म्हणून मोकळी व्हायची. तिसऱ्या आठवड्यात पिल्लू ताण पडायच्या आधीच वळून माझ्याकडे पाहायला लागलं. मला इतका आनंद झाला, की त्या दिवशी सगळी भाकरी एकदमच देऊन टाकली.

मग एका सकाळी मी रस्ता ओलांडायचं ठरवलं. मामाजीही शेताकडे निघाले होते, आमच्या चार पावलं पुढे होते. दोन्हीकडे पाहिलं, रस्ता मोकळा होता. आम्ही अर्ध्यावर गेलो असू, तेवढ्यात वळणावरून एसटी आली आणि चालकानं कर्कश हॉर्न वाजवला. पिल्लू मागे सरकलं, मान खाली घालून त्यानं हिसका दिला, आणि पट्टा डोक्यावरून निसटून माझ्या हातात आला. एसटी बाजूनं निघून गेली. पिल्लू रस्त्याच्या मधोमध उभं राहिलं. मी धावले तसं ते उलट दिशेला पळालं. दूरवर एक ट्रक येताना दिसत होता.

"पळू नको," मामाजी म्हणाले. आवाज अगदी हळू होता. "हाक मारू नको. कडेला ये अन् खाली बस."

कशी बसले मला ठाऊक नाही, पण कडेला येऊन बसले. मामाजींनी ट्रककडे हात वर केला, आणि मग पिल्लाकडे पाठ करून शेताच्या वाटेनं चालू लागले. बैलांना पाण्यावर नेताना करायचे तसा जिभेनं च्यक् च्यक् आवाज करत, जराही घाई न करता. ट्रकवाल्यानं वेग कमी केला, मग गाडी थांबवलीच. पिल्लानं त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि शेपूट हलवत त्यांच्या मागे दुडुदुडु निघालं. पंधरा-वीस पावलं गेल्यावर मामाजी खाली बसले. पिल्लू थेट त्यांच्या मांडीत शिरलं.

मी तिथे पोचले तेव्हा ते तिथेच बसून होते. पिल्लू त्यांची बोटं चाटत होतं. मी पट्टा पुढे केला, तो त्यांना दिसलाही नाही.

"त्याले मी हाक मारली होती," ते म्हणाले.

मला आधी कळलं नाही. मग कळलं की ते आधीच्या कुत्र्याबद्दल बोलत होते.

"मी इकडं शेतात होतो, तो दुकानापाशी. मी हाक मारली म्हणून आला तो. ट्रक मले दिसलाच नाही."

इतके महिने ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती, माझ्या नवऱ्यालाही नाही. आम्ही सगळे म्हणत होतो, कुत्रंच ते, धावलं असेल कशाच्या तरी मागे. ते ऐकून घेत होते. तुमची चूक नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं, पण ते खोटं वाटलं असतं. मी त्यांच्याशेजारी बसून राहिले. ट्रक निघून गेला. मग त्यांनी विचारलं, भाकरी आहे का शिल्लक. मी पदराची गाठ सोडून दिली. त्यांनी एकेक तुकडा करून पिल्लाला सगळी भाकरी खाऊ घातली आणि त्याला उचलून घरी आणलं.

त्याच दुपारी त्यांनी जुन्या पलंगाची नवार काढली. गळ्यावर जोर आला की जनावर मान काढून घेतं, जोर छातीवर आणि खांद्यावर पडला पाहिजे, असं म्हणत त्यांनी पिल्लाच्या अंगाचं माप वितीनं घेतलं. दाभण-सुतळीनं शिवून छातीभोवती आणि पाठीवरून बसेल असा पट्टा तयार केला. पिल्लू वाढत गेलं तसा तो पट्टा त्यांनी तीनदा उसवून पुन्हा शिवला.

आता ते दीड वर्षाचं झालंय. नाव ठेवायचं राहूनच गेलं, त्याला सगळे पिल्लूच म्हणतात. सकाळी मी दुकानाचं शटर वर करते त्या सुमाराला दोघं निघालेले असतात. रस्त्याच्या कडेला मामाजी थांबतात, पिल्लू त्यांच्या टाचेशी बसतं. रस्ता पार रिकामा असला तरी मामाजी दोन्हीकडे दोनदा पाहतात. मग च्यक् असा आवाज येतो आणि दोघं पलीकडे जातात. हरभऱ्याच्या वावराशी पोचलं की मामाजी वाकून दोरी सोडतात. गुडघ्यांमुळे त्यांना वाकायला वेळ लागतो. तोवर पिल्लू न हलता उभं राहतं.